भैरवीला एक तरी चांगला गुण द्यावा

माधव नगर, उज्जैन
सोमवार, २८ जुलै

आणि वर लिहितात काय, तर "खलनायिकेला एक तरी चांगला गुण द्यावा." लाल पेन्सिलीने, माझ्या वहीत. भार्गवी, तूच सांग, कुठून देऊ? भाजीच्या ठेल्यावर मिळतो का पावशेर? अकरा पानं मी हाताने लिहिली, मान धरली, बोटाला घट्टा पडला, आणि गोपाळकृष्ण मास्तरांनी वही अशी रंगवून परत दिली की ह्यांनी लांबून बघून विचारलं, वहीवर कुंकू सांडलं का.

तुला आशीर्वाद. मोठ्या जावेने धाकटीला पत्र लिहिताना आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिले, त्यात जास्त काही शोधू नकोस. पत्र एवढ्यासाठी की तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग ह्यांचा केलास. मी शेजारच्या मीनाभाभीच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट केलास आणि पाच मिनिटांत तिचाही ब्लॉक. तिने तुझं काय बिघडवलं होतं? पोस्टमनला अजून कोणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद.

तुला पुण्यात बसून कोणी काय तिखटमीठ लावून सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून माझ्याकडून सरळ ऐक. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी आपल्या मंडळात एक कथा वाचली. स्वतः लिहिलेली. एका घरातल्या दोन जावा. धाकटी जाऊ नवऱ्याबरोबर गाव सोडून जाते आणि जाताना घराण्याच्या महालक्ष्म्यांतला धाकटीचा मुखवटा चोरून नेते. मोठीचा मुखवटा घरी, धाकटीचा बॅगेत. जोडी फुटते. बायका रडल्या, दोघींनी तर नाकं शिंकरली. ती तुझी कथा नाही. नावं बदलली आहेत. मोठीचं नाव माणिक आणि धाकटीचं भैरवी. भार्गवीचं भैरवी करण्यात माझे दोन दिवस गेले, आणि वाचन संपल्यावर पहिल्याच बाईने विचारलं, "काय हो जयूताई, भार्गवी अशी निघाली?" आता याला मी काय करू.

तर मंडळाला ही कथा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत छापायची आहे. स्मरणिका मास्तर काढतात. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पेन्शनीत गेले, तरी हातातली पेन्सिल काही पेन्शनीत जात नाही. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, चुका दुरुस्त करायच्या. दोन, कथेतली बाई हयात असेल तर तिची हरकत नाही अशी चिठ्ठी आणायची. मी म्हटलं, कथेत ती हयात राहत नाही, शेवटच्या पानावर देवास गेटला बसखाली येते. मास्तर चष्म्यावरून बघत राहिले.

चुका म्हणशील तर पहिल्या पाच पानांवर एकच उभी रेघ. खाली लिहिलंय, "कथा सहाव्या पानावर सुरू होते." मग आधीच्या पाचांत काय होतं? माणिकचा जन्म होता, तिची शाळा पाचवीत सुटली ते होतं, लग्नात श्रीखंड कमी पडलं ते होतं, सासूने पहिल्याच दिवशी किती पोळ्या लाटायला लावल्या ते आकड्यासकट होतं. हे कळल्याशिवाय तिची दया कशी येणार? मास्तर म्हणाले, दया येण्यासाठी वाचणाऱ्याला रांगेत उभं करू नये, आधी आत घ्यावं.

पुढे सहाव्या पानावर सासरे वारतात आणि आठव्यावर चहा मागतात. त्यावर एकच प्रश्नचिन्ह, पण कपाएवढं. ती चूक मी मान्य केली. आपले सासरे गेले तरी कितीतरी दिवस चार वाजले की मी त्यांचा कप मांडायची आणि तू काही न बोलता उचलून ठेवायचीस. हात चालायचा तसं पेन चाललं.

आणि एक किरकोळ आहे. सातव्या पानावर मी लिहिलं की महालक्ष्म्यांच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली माणिकच्या कमरेला असते, आंघोळीलासुद्धा ती काढत नाही. दहाव्या पानावर भैरवी पेटी उघडून मुखवटा काढते. मास्तरांनी दोन्ही ओळींखाली रेघ ओढून बाजूला लिहिलं, "किल्ली?" बस, एवढंच. ते मी करते ठीक.

तू फक्त एका कागदावर लिहून पाठव, "कथा छापायला माझी हरकत नाही." खाली सही. एम.ए. झालीस, एवढं एक वाक्य तुला जड नाही. आज महाकालाची सवारी आहे, सगळे रस्ते बंद, उद्या पोस्टात टाकते.

जयू

सोमवार, ४ ऑगस्ट

मृणालचा ह्यांना फोन आला होता. तिने काकाला ब्लॉक केलेलं नाही, पोरीला तुझ्याहून अक्कल आहे. म्हणाली, आईने पत्र वाचलं, चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. अर्ध्या तासाने काढले आणि टेप लावून परत वाचलं. वाचायचं होतं तर फाडलंस कशाला, आणि फाडायचं होतं तर चिकटवलंस कशाला? तुझं पहिल्यापासून असंच. चिठ्ठी मात्र आली नाही.

इकडे किल्लीने माझं डोकं पिकवलंय. आधी मी लिहिलं की माणिक आंघोळीला गेली तेव्हा भैरवीने किल्ली घेतली. मास्तर म्हणाले, आंघोळीला काढत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग ती ओळ खोडली, तर म्हणाले, ती ओळच कथेत सगळ्यात चांगली होती, माणसाचा स्वभाव एका ओळीत आला होता, ती कशाला खोडली. झंझट बघ. मग मी भैरवीला देवास गेटला पाठवलं, तिथे पेटीवर बसणारा किल्लीवाला आहे ना, त्याच्याकडून दुसरी किल्ली करवली. मास्तर म्हणाले, मूळ किल्ली कमरेला असताना तो नमुना कशावरून घेणार? मग मी हेअरपिनने उघडवली. तेव्हा ते नुसते हसले, आणि ते मला जास्त लागलं.

म्हणाले, "जयूताई, कुलपाला एवढा त्रास होतोय म्हणजे दारच चुकीच्या भिंतीत आहे." मास्तरांना असं कोड्यात बोलायची खोड आहे. मी सरळ विचारलं, म्हणजे काय करू. तर म्हणाले, भैरवीने चोरी का केली ते आधी मला सांगा. मी सांगितलं, दुष्ट होती. ते म्हणाले, दुष्ट हे कारण नाही, ती बरणीवरची चिठ्ठी झाली, आत काय आहे ते दाखवा. मग मी लोभ घातला. मुखवट्याच्या नथीवर डोळा होता असं लिहिलं. मास्तरांनी मागची पानं उलटून दाखवलं, मुखवटे पितळेचे आणि नथ काचेच्या पोतीची, हे मीच सहाव्या पानावर कौतुकाने लिहून ठेवलंय. आपल्याच हाताने आपले साक्षीदार फोडते मी.

रडणंसुद्धा मोजलं त्यांनी. अकरा पानांत सतरा वेळा. माणिक बारा, सासू दोन, मीनाभाभीसारखी एक शेजारीण एक, आणि महालक्ष्मीचा मुखवटा दोन. म्हणाले, पात्रं एवढी रडली की वाचणाऱ्याला काही काम उरत नाही. मी म्हटलं, पण बायका रडल्या होत्या. तर म्हणाले, त्या तुमच्या तोंडाकडे बघून रडल्या, छापलेल्या कागदाला तोंड नसतं.

आणि बोलणं. मास्तर म्हणतात, दोघी जावा सारख्याच बोलतात, आणि त्याही उज्जैनच्या नाहीत, जुन्या नाटकातल्या. माझी माणिक म्हणते, "थांब, हे पापिणी, कुलदेवता तुला क्षमा करणार नाही." मास्तरांनी विचारलं, जयूताई, तुम्ही खऱ्या रागात असता तेव्हा काय म्हणता? मी सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

चांगल्या गुणाचं म्हणशील, तर मी भैरवीला लांब केस दिले. परत आलं, "केस हा गुण नाही." मग तुझ्या पोळ्यांचा पातळपणा दिला. तेही परत आलं, "हे कसब झालं, गुण नाही." आता तुझ्यात आणखी किती शोधू?

चिठ्ठी पाठव.

जयू

शनिवार, ९ ऑगस्ट

आज राखी. नारळीभात केला. हे जेवून आडवे झाले आणि मी म्हटलं, हीच वेळ बरी. मास्तरांनी सांगितलं होतं, लिहिलेलं मोठ्याने वाचा, स्वतःच्या कानावर पडू द्या, जीभ जिथे अडखळेल तिथे खूण करा. नुसतं भिंतीला वाचून कोण ऐकणार, म्हणून ह्यांना ऐकवायला घेतलं. तुला माहीत आहे, ह्यांना काही ऐकवणं आणि उशीला ऐकवणं यात फरक नाही. दुसऱ्या पानाला घोरायला लागले.

मी वाचत गेले. सासरे वारले, या वेळी वारलेलेच राहिले. महालक्ष्म्या बसल्या, उठल्या. पेटीचं पान आलं. "भैरवीने इकडे तिकडे पाहिले आणि हळूच पेटीकडे..." इथे अडखळले. परत सुरुवात केली, परत तिथेच. तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा घोरणं थांबलं.

"असं नव्हतं झालं," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच.

मी म्हटलं, ही कथा आहे.

"कथा आहे तर अडकतेस कशाला?"

मी म्हटलं, झोपा.

तर उठून बसले. "पेटी तू उघडलीस. मी टॅक्सीत सामान लावत होतो, विनायक दोरी बांधत होता. तू कमरेची किल्ली काढलीस, धाकटीचा मुखवटा काढलास आणि भार्गवीच्या हातात कोंबलास. पदराने पुसलासुद्धा नाहीस."

मी विचारलं, मग चैत्रात मी भर सभेत वाचत होते तेव्हा का नाही बोललात? मागच्या रांगेत पन्ह्याचे दोन ग्लास घेऊन बसला होतात की.

"तू मला विचारलंस कुठे?"

बघ. पंधरा महिने हा माणूस पोटात घेऊन फिरला, बोलला नाही, कारण मी विचारलं नाही. ह्यांना मी संध्याकाळी जेवायला वाढलं, पण लोणचं वाढलं नाही.

आता नीट ऐक, यात तुझा-माझा काही प्रश्न नाही, मी फक्त कथेचं बोलते आहे. समजा माणिकने पेटी स्वतः उघडली. समजा. तर चोरीच उरत नाही. चोरी नाही तर कथेचं नाव बदलावं लागेल, ते "चोरी" असं ठेवलंय. चोरी नाही तर भैरवी बसखाली कशी घालू, कोणत्या गुन्ह्यासाठी? आणि शेवटी मी जो उपदेश लिहिलाय, "म्हणून बायांनो, घरातल्या चोराला ओळखा," तो कोणाला करू? एक किल्ली जागेवर ठेवली की अख्खी भिंत खाली येते. मला काही सुचत नाही. वही तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. मास्तरच म्हणाले होते, लिहिलेलं काही दिवस दृष्टीआड ठेवा. डब्यात खाली घातली, वर तांदूळ.

चिठ्ठीची आत्ता घाई नाही.

जयू

गुरुवार, १४ ऑगस्ट

वही काल काढली. मास्तरांची ही एक गोष्ट मी मानते. चार दिवस तोंड पाहिलं नाही तर आपलंच लिहिलेलं परक्याचं वाटायला लागतं, आणि परक्याचे दोष आपल्याला लवकर दिसतात, ती तर आपल्या सगळ्यांची खासियत. पहिलं काय दिसलं असेल? "बिचारी." माणिक बिचारी उठली. माणिक बिचारी गप्प बसली. माणिक बिचारीने पुरण वाटलं. चौदा वेळा. मास्तरांची पेन्सिल न घेता मी माझ्याच निळ्या पेनने एकेक बिचारी खोडत गेले. चौदावी खोडली आणि परत वाचलं, तर जी बाई उरली ती काही बिचारी नव्हती. चांगली दणकट, तोंडाळ बाई होती. मला ती ओळखीची वाटली.

मग मी मास्तरांकडे गेले आणि सांगितलं, पेटी माणिकने उघडली. त्यांना नवल वाटलं नाही, याचा मला राग आला. ते म्हणाले, मग बसचं काय करायचं? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाले, बस डेपोत परत पाठवा. लिहिणाऱ्याला शेवट सुचला नाही की तो कोणाला तरी गाडीखाली घालतो. तर तुला बसखालून काढलं आहे. उपदेशही काढला. नावाचं अजून ठरलं नाही.

मास्तर म्हणाले, आता माणिकने पेटी का उघडली याचं कारण हवं. आणि या वेळी दुष्ट होती म्हणून चालणार नाही. मी घरी आले, ओट्यापाशी उभी राहून लिहिलं, बसून लिहिलं असतं तर परत काहीतरी गोड गोड झालं असतं. जे लिहिलं ते तुला सांगते, कारण छापलेलं वाचून तू परत फाडशील.

एकवीस वर्षं आपण दोघी एका ओट्यावर. तुला खोकला आला तर काढा मी करणार, माझी कंबर धरली तर कणीक तू मळणार, हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. आणि तुम्ही पुण्याला जाणार हे मला कुठे कळलं? भाजीच्या ठेल्यावर. मीनाभाभी भेंडी निवडत म्हणाली, "अरे दीदी, भार्गवी दीदी तो पुणे शिफ्ट हो रही हैं, आपको नहीं पता?" मी म्हटलं, पता है, पता क्यों नहीं. वर तिला तुमच्या नव्या घराला दोन बाल्कन्या आहेत असंही सांगितलं, मनाने. घरी आले आणि बघत राहिले, तू आता सांगशील, मग सांगशील. तू आठ दिवस सांगितलं नाहीस. नवव्या दिवशी सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, बरं. आणि मग महिनाभर तुझ्याशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांपुरतं बोलले.

जायच्या दिवशी तू नमस्काराला वाकलीस आणि म्हणालीस, "ताई, भाद्रपदात आम्ही येऊच, महालक्ष्म्या इथेच." एवढंच. यात रागावण्यासारखं काय होतं? आज लिहिताना मला सापडत नाही. पण तेव्हा मला वाटलं, ही मला तारीख देते, जशी सरकारी बाबू देतात. मी किल्ली काढली. जी पेटी भाद्रपदाशिवाय उघडायची नाही ती भर वैशाखात उघडली. म्हटलं, घेऊन जा तुझी धाकटी, म्हणजे तुझा पाय परत इकडे लागायला नको. ही ओळ मास्तरांनी मागितली होती, मी रागात काय म्हणते ती. या वेळी त्यांनी लिहून घेतली.

गेल्या भाद्रपदात मोठीला एकटीलाच बसवलं. शेजारी तांब्याच्या कलशाला साडी नेसवली. गुरुजी म्हणाले, जोडीतली एक कुठे गेली? सगळ्या सवाष्णी पानावर बसलेल्या. मी म्हटलं, भार्गवीने नेली. "दिली" म्हणायचं होतं. "नेली" निघालं. आणि एकदा निघालं की पुढच्या बाईला ते "न विचारता नेली" झालं, तिच्या पुढच्या बाईला "पळवली". चैत्रापर्यंत मी त्याच्यावर अकरा पानं लिहून बसले. तू गेल्या भाद्रपदात का आली नाहीस हे विचारायला मला तोंड नाही, मीच तर येऊ नको म्हटलं होतं.

आता तो गुण. सापडला. तुझं लग्न होऊन दुसरंच वर्ष. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मंडळाच्या बायका आल्या होत्या आणि सासूबाईंनी कहाणी वाचायला पोथी माझ्या हातात दिली. पाचवीपर्यंतची बाई मी, जोडाक्षर आलं की माझी बैलगाडी चिखलात. तिसऱ्या ओळीला अडकले, दोघी बायका पदराआड हसल्या. तू पोथी घेतलीस, म्हणालीस, ताईंना पुरण बघायचं आहे, मी वाचते. आणि तूही अडकलीस. चारदा. म्हणालीस, छपाई फार खराब आहे हो, अक्षरच लागत नाही. बायका तुला हसल्या, ही म्हणे एम.ए. मी स्वयंपाकघरात समाधानाने पुरण हलवत होते, की चला, खराब छपाई होती, आपला दोष नव्हता.

मास्तर म्हणतात, कथेत खरी वस्तू घातली तर ती एकदा डोळ्यांनी तपासून घ्यावी, आठवणीवर जाऊ नये. म्हणून मी काल रात्री ती पोथी काढली. भार्गवी, छपाई स्वच्छ आहे. अक्षर हरभऱ्याएवढं आहे.

वीस वर्षं मी त्या छापखान्याला नावं ठेवली.

हा गुण मी भैरवीला दिला. मास्तरांनी त्या पानावर काही खूण केली नाही, पान नुसतं उलटलं.

जयू

शनिवार, १६ ऑगस्ट
स्पीड पोस्टने

हे शेवटचं, कारण छापखाना गुरुवारी मजकूर घेणार आणि मग दार बंद. मास्तरांनी कथा मान्य केली. शुद्ध करून मी परत उतरवून काढली, आता आठ पानं झाली. परवाच उतरवताना एक चूक मी स्वतः पकडली, जी मास्तरांच्याही नजरेतून सुटली होती. त्यांना जाऊन सांगितली तेव्हा त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाले, हे मला दिसायला हवं होतं.

चूक ही. अख्ख्या कथेत भैरवीला निरोपाचं ते एक वाक्य सोडलं तर बोलणंच नाही. माणिक बोलते, सासू बोलते, गुरुजी बोलतात, शेजारीण हिंदीत बोलते. भैरवीच्या हातात माणिक मुखवटा कोंबते, एवढं मोठं लागेल असं बोलते, आणि भैरवी? गाडीत बसते. पुढचा परिच्छेद. ती चोर होती तोपर्यंत हे कोणाला खटकलं नाही, चोर काय बोलणार. आता ती चोर नाही, तर ती तिथे नुसती पाटासारखी कशी उभी राहील?

मी तिच्यासाठी बोलणं लिहून पाहिलं. आधी तिला भांडायला लावलं. वाचलं तर ते माझं भांडण होतं, तू असं हातवारे करून भांडत नाहीस, तू भांडताना डबे जोरात लावतेस. मग तिला माफी मागायला लावली. तेव्हा तर मला स्वतःचीच लाज वाटली, चूक माणिकची आणि माफी भैरवीकडून, हे म्हणजे परत अकरा पानांवर आले की मी. मग तिला रडवली. पण रडणं आता मोजून दोन वेळा उरलंय, ते मी दुसरीकडे खर्च केलंय.

आणि खरी गोष्ट अशी की मला बनवायची गरजच नाही. तू बोलली होतीस. मुखवटा मांडीवर घेऊन गाडीत बसलीस, काच वर होती, इंजिन चालू होतं. तू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालीस. चारपाच शब्दांचं असेल. मी ओठ हलताना पाहिले. काच खाली कर म्हणायला हवं होतं, मी वळले आणि दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. ह्यांना विचारलं, ते म्हणाले मी दोरी बघत होतो. विनायकभाऊजींना विचारायला तुझ्याच घरी फोन करावा लागेल.

तर हरकत नसल्याची चिठ्ठी आता नको. मी मास्तरांना सांगून टाकलं, तिची हरकत असेल तर कथा छापणार नाही, आणि नसेल तर छापताना खरी छापणार, मंडळाच्या बायकांनी पहिली ऐकली तशी नाही. स्मरणिकेत खाली माझं नाव राहील आणि वर एक ओळ, की चैत्रात वाचलेली कथा खोटी होती. मास्तर म्हणाले, अशी ओळ कोणी छापत नाही. मी म्हटलं, मग पहिल्यांदा छापा.

मला फक्त ते वाक्य हवंय. जसं होतं तसं. शिवी असेल तर शिवी, मी एक अक्षर बदलणार नाही आणि मास्तरांनाही पेन्सिल लावू देणार नाही. "नीट राहा" असेल तर तेही लिहीन, जरी मला ते वाचायला शिवीहून जड जाईल. आठव्या पानावर तेवढी जागा सोडली आहे, पेनाने चौकट आखून.

पत्राने उत्तर पाठवू नकोस, पोचणार नाही. मृणालकडून निरोप देऊ नकोस, निरोपात वाक्य बदलतं, "दिली"चं "नेली" कसं होतं ते मला आता माहीत आहे. ब्लॉक काढ आणि फोन कर. तोंडाने सांग, म्हणजे कुठल्या शब्दावर थांबलीस ते कळेल, मला ते कागदावर उतरवायचं आहे. मी मध्ये बोलणार नाही. हे प्रयत्नाने जमवीन.

गुरुवार, २१ तारीख, दुपारी चारच्या आत. साडेचारला मास्तर वही घेऊन देवास गेटच्या छापखान्यात जायला निघतात. तीन वाजल्यापासून मी फोन हातात घेऊन बसते, ओट्यावरचं सगळं आधीच आवरून.

जयू